ओए सॅशवर मणी शिवू नका, हे करा : मण्यांचा पट्टा घरी विणायची सगळी कृती, नियमांसकट

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

लेकाला ऑर्डर ऑफ द अ‍ॅरोमध्ये (ओए, अमेरिकेतल्या स्काऊटची मानाची संघटना) ब्रदरहूड, म्हणजे तिचा दुसरा टप्पा, मिळालं तेव्हा मला कुठून सुचलं देव जाणे, मी त्याची ती पांढरी सॅश, म्हणजे खांद्यावरून तिरका घालायचा कापडी पट्टा, घेतली आणि त्यावरचा लाल बाण अख्खा मण्यांनी भरायला बसले. लहानपणी आत्याच्या रुखवतासाठी मण्यांचं तोरण केलेलं, मण्यांचा नारळ केलेला, त्यामुळे हात बसलेला होता. पाच-पाच मणी ओवायचे, टाका घ्यायचा, परत पाच. रोज रात्री भांडी आवरली की तासभर. झाल्यावर बाण असा काही उठून दिसत होता की मीच तीन वेळा फोटो काढले. मग लॉजच्या (ओएच्या स्थानिक शाखेच्या) वार्षिक जेवणाला लेक ती घालून गेला, तिथल्या एका वयस्कर अ‍ॅडव्हायजरनी मण्यांवरून अंगठा फिरवला, मनापासून कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाले की फार सुंदर आहे पण हे त्याला युनिफॉर्मवर घालता येणार नाही. लेकाचे कान लाल. सॅश काढली, घडी केली, बॅगेत. गाडीत बसल्यावर एकच वाक्य, "आई, मला विचारायचं ना आधी." नवऱ्याने वेगळ्या शब्दांत तेच.

मग उसवणं आलं. उसवताना कळलं की कापडाला सुईची बारीक भोकं राहतात आणि पेन्सिलीच्या खुणा धुऊन पूर्ण जात नाहीत. नवी सॅश घ्यावी लागली. पण मण्यांचं काम वाया जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी नंतर वेगळा पट्टा विणला, लूमवर (छोट्या हातमागावर), सॅशला हात न लावता. तो आता फ्रेममध्ये आहे. आमच्या इथे न्यू जर्सीत मराठी घरांतली मुलं बरीच स्काऊटमध्ये आहेत आणि दर महिन्याला कोणीतरी आई विचारतेच की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नियम काय आहे ते आधी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ओए म्हणजे स्काऊटिंग अमेरिकाची (फेब्रुवारी २०२५ पर्यंत नाव बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका होतं) मानाची संघटना. १९१५ साली डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड कॅम्पवर ई. अर्नर गुडमन आणि कॅरॉल एडसन या दोघांनी सुरू केली. गंमत म्हणजे यात मुलाला मोठी माणसं निवडत नाहीत, ट्रूपमधली (स्काऊटच्या स्थानिक गटातली) मुलंच मत देऊन निवडतात. सॅश पांढरी, त्यावर लाल बाण. नुसता बाण म्हणजे ऑर्डील, पहिला टप्पा, बाणाच्या दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या म्हणजे ब्रदरहूड, आणि बाणावर त्रिकोण आणि त्यात तीन छोटे बाण म्हणजे व्हिजिल. बस, तीनच प्रकार. म्हणजे ती सॅश ओळखपत्रासारखी आहे, बघणाऱ्याला लांबून कळतं हा कोण. त्यात तुम्ही भर घातली की ओळखपत्रावर स्केचपेनने फुलं काढल्यासारखं होतं. हे मला नंतर पटलं, तेव्हा नव्हतं पटलं, तेव्हा राग आला होता.

नियम सरळ आहे, सॅश जशी बनून येते तशीच घालायची. मणी शिवायचे नाहीत, पॅच लावायचे नाहीत, त्यावर सह्या घ्यायच्या नाहीत, काहीही चिकटवायचं नाही. मणी तर नाव घेऊन लिहिलेत त्यात, म्हणजे माझ्यासारख्या आया आधीही होऊन गेल्यात हे उघड आहे. उजव्या खांद्यावरून तिरकी घालायची, बाणाचं टोक उजव्या खांद्याकडे. घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचून मिरवायची नाही, जुने लोक अजून करतात पण चालत नाही. आणि रोजच्या मीटिंगला नाहीच, ओएचे कार्यक्रम किंवा जिथे ओएची मुलं म्हणून काही काम करतायत तिथेच.

मेरिट बॅजची (एकेक कौशल्य शिकून मिळवलेल्या बिल्ल्यांची) सॅश ही वेगळी वस्तू, तिच्याशी गल्लत करू नका. दोन्ही एका वेळी घालायच्या नाहीत. मेरिट बॅजच्या सॅशवर पुढून फक्त मेरिट बॅज, मागच्या बाजूला मात्र कॅम्पचे वगैरे तात्पुरते पॅच चालतात, त्यामुळे ज्यांना सॅशवर शिवायची हौस आहे त्यांनी ती तिथे भागवावी. ईगलपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीपर्यंत, २१ बॅज होतात, शिवून शिवून बोटं दुखतात, पुरे आहे तेवढं.

कोणी म्हणेल आमच्या स्काऊटमास्टरने हो म्हटलंय. त्यांच्या हातात नसतं ते. युनिफॉर्ममध्ये बदल करायची परवानगी ट्रूप काय, वरचं प्रादेशिक काउन्सिलसुद्धा देऊ शकत नाही, ते राष्ट्रीय पातळीवरच ठरतं.

मग युनिफॉर्मवर मणी अजिबातच नसतात का, तर असतात की. मोठ्यांचे वूड बॅजचे (स्काऊटच्या सरांच्या प्रशिक्षणाचे) लाकडी मणी, चामड्याच्या दोरीत ओवलेले, जगभर तेच. स्काऊटचा संस्थापक बेडन-पॉवेलने झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले मणी पहिल्या कोर्सवाल्यांना दिले, १९१९ मध्ये, इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला, तिथून ती प्रथा. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये त्यालाच हिमालय वूड बॅज म्हणतात, तुमच्या शाळेतल्या स्काऊटच्या सरांच्या गळ्यात दोन मणी होते ना, तेच. पण ते कमवावे लागतात, आईने घरी ओवून चालत नाहीत. आणि घरी केलेली एक गोष्ट युनिफॉर्मवर राजरोस चालते ती म्हणजे स्कार्फचं वॉगल, गळ्याशी स्कार्फ अडकवायचं कडं. त्याची कृती शेवटी दिलीये.

काय विणायचं ते ठरवा

हुबेहूब ओएची सॅश मण्यांत विणायची नाही, माझं मत असं. संघटनेच्या खुणांचे हक्क त्यांच्याकडे आहेत, १९१६ साली अमेरिकन काँग्रेसने दिलेल्या सनदेत तसं आहे, त्यामुळे घरात एक आठवण म्हणून करणं वेगळं आणि पंधरा करून ऑनलाइन विकणं वेगळं. विकायच्या भानगडीत पडू नका. मी साधा बाण घेतला, दोन्ही टोकांना पट्ट्या, आणि बाणाखाली लेकाचं नाव देवनागरीत. ते नाव बघून त्याचा आजोबा व्हिडिओ कॉलवर जे काही बोलला त्यानंतर सॅशचं दुःख गेलं माझं.

आणखी एक. इंटरनेटवर मण्यांचा पट्टा शोधलात की नेटिव्ह अमेरिकन लोकांचे अप्रतिम नमुने दिसतात, ते उचलायचा मोह होतो. नको. त्यातले बरेच नमुने विशिष्ट जमातीचे, कधी विशिष्ट घराण्याचे असतात. ओएने स्वतःच बरीच वर्षं लेनापे लोकांचे शब्द आणि पेहराव समारंभात वापरले, आणि आता हळूहळू हात आखडता घेतलाय, २०१९ पासून कब स्काऊटच्या (लहान गटाच्या) मुलांच्या क्रॉसओव्हर, म्हणजे मोठ्या गटात जायच्या, समारंभांना ओएची मुलं साध्या युनिफॉर्ममध्येच जातात. आपण न्यू जर्सीत लेनापेंच्याच जमिनीवर राहतो, त्यांच्या नक्षीची नक्कल करून भिंतीवर लावायची काही गरज नाही, आपल्याकडे पैठणीचा काठ आहे, कसुती आहे, रांगोळीचे ठिपके आहेत. मी कडेला नारळी काठ घेतला. झालरीला गरुडाची पिसं लावायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, खरी पिसं जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे, बागेत सापडलेलं असलं तरी.

सामान

मणी : मी पहिल्यांदा, म्हणजे त्या फसलेल्या कामात, चेक प्रजासत्ताकातले ११ नंबरचे वापरले होते. कापडावर शिवायला छान, पण लूमवर प्रत्येक मणी थोडा जाड-बारीक असला की कडा सापासारखी वाकडी होते. लूमला जपानी डेलिका घ्या, मियुकी कंपनीचे, ११ नंबर. ते नळीच्या तुकड्यासारखे असतात, सगळे एका मापाचे, भोक मोठं. भोकाच्या दिशेने १.३ मिलिमीटर, जाडीला १.६. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं आहे.

हिशोब असा. पट्टा दोन इंच रुंद आणि २४ इंच लांब. दोन इंच म्हणजे ५१ मिलिमीटर, भागिले १.३, आले ३९ मणी. विषम आकडाच घ्यायचा, नाहीतर बाणाला मधोमध टोक येत नाही. २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर, भागिले १.६, आल्या ३८१ ओळी. गुणाकार केला तर १५ हजाराच्या आत-बाहेर मणी. ग्रॅमला साधारण २०० बसतात, म्हणजे ७५ ग्रॅम. पांढरे १०० ग्रॅम आणि लाल २५ ग्रॅम घ्या, उरतील ते वॉगलला. सगळे एकदम मागवा. नंतर कमी पडले म्हणून परत मागवलेत तर पांढरा तोच येईल असं नाही, आणि तो फरक मण्यात दिसत नाही, विणल्यावर दिसतो.

लाल मण्यांची परीक्षा घ्या. काही लाल आणि गुलाबी मणी वरून रंगवलेले असतात. दहा मणी ओल्या पांढऱ्या टिश्यूत रात्रभर गुंडाळून ठेवायचे, सकाळी टिश्यूला गुलाबी छटा दिसली तर ते मणी पांढऱ्याशेजारी घालायचे नाहीत. त्या पाकिटावर रंगाच्या नावात रंगवलेला असं लिहिलंय का तेही बघा.

धागा : फायरलाईन, ६ पाऊंडाचा, पांढरा. तोच राखाडी रंगातही मिळतो पण त्याची काळपट भुकटी पांढऱ्या मण्यांना लागते, मी केलंय, हात काळे, मणी मळके. उभे धागे ४२ गुणिले साडेतीन फूट म्हणजे सुमारे ५० यार्ड, आडवे तेवढेच, त्यात वाया जाणारा धरा, १२५ यार्डाचं एक रीळ पुरतं.

सुई लांबवाली, लूमची, १० नंबर. तीन-चार घ्या, वाकतात. बाकी फेल्टचा तुकडा, टाकून द्यायच्या जुन्या टॉवेलचा चौकोन (त्यावर मणी ओतले की घरंगळत नाहीत, आणि सुई थेट मण्यात खुपसून उचलता येते), चिमटा, चांगल्या उजेडाचा दिवा. आणि व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडाला बांधायला जुना पायमोजा, कारण मणी सांडणार. सांडणारच. मोजा लावून व्हॅक्यूम केलं की मणी मोज्यात अडकतात, मशीनमध्ये जात नाहीत. या एका युक्तीने माझं रीळभर रडणं वाचलंय.

लूम घरीच

बाजारात मिळणारी छोटी लूम बारा-पंधरा इंचाची असतात, त्यात २४ इंच गुंडाळत गुंडाळत करावं लागतं आणि ताण सारखा राहत नाही. त्यापेक्षा तीन फूट लांब, पाच इंच रुंद फळी घ्या. दोन्ही टोकांना दोन इंच उंचीचा लाकडी ठोकळा उभा स्क्रूने बसवा, दोन्हींत किमान २८ इंच अंतर. प्रत्येक ठोकळ्याच्या डोक्यावर एक स्प्रिंग आडवी बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते तीच. बाहेरच्या बाजूला फळीवर खिळ्यांची रांग, धागे बांधायला.

स्प्रिंग किती ताणायची? मोजपट्टी घेऊ नका. सुईत ३९ मणी ओवा, स्प्रिंगशेजारी धरा, आणि स्प्रिंग अशी ताणा की त्या ३९ मण्यांच्या रुंदीत ४० फटी येतील. उभा धागा प्रत्येक फटीत एक. मणी ३९ म्हणून धागे ४०, आणि दोन्ही कडांना दुहेरी, असे ४२.

धागे बांधताना माझ्या आजीची आठवण येते, ती पापडाच्या वाळवणीची दोरी बांधताना बोटाने टण् करून वाजवायची. तसंच करा. सगळे धागे साधारण एकाच आवाजात वाजले पाहिजेत. एखादा ढिला राहिला तर त्या रांगेतले मणी पुढे फुगतात. फार घट्टही नको, काढल्यावर पट्टा आकसून गोळा होतो.

नक्षीचा कागद, इथे सगळे चुकतात

शाळेतला चौकोनी आलेख कागद घ्याल तर फसाल. मणी चौकोनी नाहीये. रुंदीत १.३ आणि लांबीत १.६, म्हणजे कागदावर काढलेली नक्षी लांबीच्या दिशेने जवळजवळ सव्वापट ताणली जाते. समभुज त्रिकोण काढायचाय, पाया ३९ मण्यांचा, तर कागदावरच्या मापाने उंचीला ३४ ओळी येतील, विणल्यावर तो निमुळता सुळका दिसेल. खरं गणित केलं तर २७-२८ ओळीच लागतात. डेलिकाचा खास कागद ऑनलाइन फुकट मिळतो, तो छापून घ्या, नाहीतर एक्सेलमध्ये रकान्यांची रुंदी आणि उंची १३ ला १६ या प्रमाणात ठेवा आणि रंग भरत जा. मी एक्सेलमध्ये केलं, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, मॅनेजरला वाटलं बजेट करतेय.

माझा बाण असा होता : दांडा पाच मणी जाड, अठराव्यापासून बाविसाव्या मण्यापर्यंत. टोक २९ मण्यांपासून सुरू, दर ओळीला दोन्ही बाजूंनी एकेक कमी, २९, २७, २५ असं करत १ पर्यंत, पंधरा ओळी. हे टोक जरा बसकं दिसतं, साडेतीन-पावणेचार सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटरच्या आत लांब. टोकदार हवं असेल तर प्रत्येक रुंदीची ओळ दोनदा विणा, तीस ओळींचं होतं. मी तेच केलं. कडेचा नारळी काठ पाच-पाच मण्यांचा, त्यामुळे टोक मधल्या २९ मण्यांत बरोबर बसतं, काठावर चढत नाही.

देवनागरी अक्षरांचं वेगळं प्रकरण. नाव पट्ट्याच्या लांबीत आडवं लिहा, म्हणजे अक्षराची उंची रुंदीच्या ३९ मण्यांत बसते. काठ सोडून २९ उरतात. शिरोरेघ दोन मण्यांची, तिच्याखाली अक्षराला १५, वर वेलांटी-मात्रेला ६, खाली उकाराला ६. झाले २९. शिरोरेघ एकाच मण्याची ठेवलीत तर लांबून दिसतच नाही, अक्षरं तुटकी वाटतात. जोडाक्षर असेल तर कागदावर तीनदा काढून बघा आणि फोनवर फोटो काढून लहान करून बघा, वाचता आलं तर ठीक. इंग्रजी अक्षरं सोपी पडतात हे खरं, पण मग मजा काय.

विणणं

उभे धागे बांधले की लगेच मणी घालायचे नाहीत. आधी नुसत्या धाग्याने वर-खाली वर-खाली असं करत आठ-दहा फेऱ्या विणा, अर्ध्या सेंटीमीटरची कापडी पट्टी तयार होते. शेवटी ही मागे मुडपून शिवायची असते. दोन्ही टोकांना.

मग धागा डाव्या कडेच्या दुहेरी धाग्याला बांधायचा, एका वेळी हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. कागदावर बघत ३९ मणी सुईत घ्यायचे. ती माळ उभ्या धाग्यांच्या खालून उजवीकडे न्यायची. डाव्या हाताच्या तर्जनीने खालून वर ढकलायची, असं की प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मधल्या फटीत उठून बसेल. आता सुई उजवीकडून डावीकडे परत, त्याच मण्यांतून, पण यावेळी उभ्या धाग्यांच्या वरून. हे वरून महत्त्वाचं. एखाद्या ठिकाणी सुई धाग्याच्या खालून गेली तर तो मणी अडकत नाही, नंतर लोंबतो. प्रत्येक ओळ झाली की नखाने खरवडून बघायची, सगळे मणी जागेवर हलत नाहीत ना. पहिल्या दहा ओळींना प्रत्येकी दहा मिनिटं लागतील, मग हात बसतो, तासाला पंधरा-सोळा ओळी होतात. म्हणजे एकूण पंचवीसेक तास. रोज एक मालिका बघत विणलं तर महिन्याभरात होतं, फक्त सबटायटलवाली मालिका नको.

सुई परत आणताना आधीच्या धाग्यात घुसली की तो चिरतो, आणि चिरलेला धागा सहा महिन्यांनी तुटतो. सुई अडली तर जोर करू नका, मागे घ्या, परत घाला.

ओळीत एक मणी चुकून जास्त आला आणि ते पाच ओळी पुढे गेल्यावर कळलं तर सगळं उसवायला नको. जास्तीच्या मण्याच्या भोकात जाड सुई किंवा दाभण घालून ठेवायचं, म्हणजे धागा काचेने कापला जात नाही, आणि मग चिमट्याने मणी फोडायचा. डोळ्यांवर चष्मा, वर टिश्यू धरायचा, काच उडते. कमी पडला असेल तर मात्र काही इलाज नाही, उसवा.

धागा संपत आला की नवा बांधताना गाठ कडेला देऊ नका, कडेची गाठ डोळ्यात भरते. जुनं टोक मागच्या तीन-चार ओळींतून फिरवून कापायचं, नवं तसंच आतून सुरू करायचं.

काढणं आणि फ्रेम

शेवटची धाग्याची पट्टी झाली की उभे धागे खिळ्यांपासून सोडवा, कापताना आठ इंच सोडून कापा. दोन-दोन धागे घेऊन गाठी मारा, पट्टी मागे मुडपा. काही लोक सगळे ४२ धागे एकेक करून मण्यांत परत ओवतात, हातात घालायच्या वस्तूला ते करावंच लागतं, पण फ्रेममध्ये जाणाऱ्या पट्ट्याला उगाच कशाला. मागे फेल्ट लावा आणि कडेच्या दुहेरी धाग्यात टाके घेत चारी बाजूंनी शिवा. गोंद लावू नका, ग्लू गन तर नकोच, काही वर्षांत पिवळा पडतो आणि मण्यांच्या भोकांतून दिसतो. चिकटपट्टीचंही तेच.

फ्रेम खोल पेटीची घ्या, निदान एक इंच खोल, म्हणजे काच मण्यांना टेकत नाही. मागचा पुठ्ठा आम्लरहित. पट्ट्याचं वजन कापडापेक्षा बरंच असतं, त्यामुळे वरून फक्त दोन टाके देऊन लटकवला तर कालांतराने ओघळतो. दर दोन इंचाला पुठ्ठ्यातून आरपार टाका घ्या. मी मागे ती जुनी भोकं पडलेली सॅश तिरकी पसरली, वर हा पट्टा उभा, खाली ऑर्डील आणि ब्रदरहूडच्या तारखा. खिडकीचं ऊन येतं त्या भिंतीवर फ्रेम नको.

लेकाच्या ईगलच्या कोर्ट ऑफ ऑनरला (सन्मान समारंभाला) ही फ्रेम टेबलावर ठेवली होती, केकशेजारी. हे मुद्दाम लिहितेय कारण काही जणांनी विचारलं की त्या दिवसापुरता तरी गळ्यात घालू का. नको. टेबलावर ठेवा, लोक थांबून बघतात, विचारतात, गळ्यात असता तर कुजबुजले असते. आणि त्या कार्यक्रमाला मुलाच्या अंगावर कुठली सॅश असावी हे आधी ट्रूपला विचारून घ्या, मेरिट बॅजची की ओएची, दोन्ही नाही एवढं नक्की.

वॉगल, उरलेल्या मण्यांचं

हे मात्र खुशाल युनिफॉर्मवर घालू दे, हाताने वॉगल करायची परंपराच आहे, दोरीचं, लाकडाचं, अक्रोडाच्या टरफलाचं, काय वाट्टेल त्याचं करतात मुलं.

पाऊण इंची पीव्हीसी पाइप घ्या. नाव पाऊण इंच पण बाहेरून व्यास १.०५ इंच असतो, म्हणजे घेर ८४ मिलिमीटर. २८ मिलिमीटरचा तुकडा करवतीने कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर स्कार्फचे धागे ओढले जातात. वरून पातळ फेल्टचा थर चिकटवा, हा दिसत नाही त्यामुळे इथे गोंद चालेल. आता लूमवर २१ मणी रुंद, ५५ ओळींची पट्टी विणा. ५५ गुणिले १.६ म्हणजे ८८ मिलिमीटर, पाइप अधिक फेल्ट धरून बरोबर बसते. तुमचं फेल्ट जाड असेल तर दोन ओळी वाढवा, म्हणून लूमवरून काढायच्या आधी पाइपभोवती धरून बघा. मणी साडेअकराशेच लागतात, सहा ग्रॅम. पट्टी पाइपभोवती गुंडाळून पहिली आणि शेवटची ओळ सुईने एकमेकींत शिवली की झालं, शिवण मागे.

यावर ओएची किंवा स्काऊटची खूण घालू नका, साधी नक्षी घ्या. आमच्याकडे धाकटीने स्वतःच्या ट्रूपसाठी करून घेतलंय, मुलींनाही २०१९ पासून प्रवेश आहे ना, तिच्या वॉगलवर लाल-पांढऱ्या चौकटी आहेत आणि एका चौकटीत एक हिरवा मणी चुकून गेलाय. मी फोडून काढते म्हटलं तर नको म्हणाली.